तिसरं पेडल

अंबरनाथ, १२ डिसेंबर १९५४

सौ. कुंदा,

आशीर्वाद लिहितोय. रागावली असलीस तरी नवऱ्याचा आशीर्वाद परत पाठवायची पद्धत नाही, तेव्हा ठेवून घे.

माहेरी मिरजेला सुखरूप पोचल्याचं तुझ्या अप्पांच्या कार्डावरून कळलं. तुझ्या हातचं एक अक्षर नाही. बरं. स्टेशनच्या जिन्याशी मी हात पुढे केला तर तू दोन हमालांच्या खांद्यावर हात टाकून वर गेलीस, तेही पाहिलं. आणि नेमके आमचे विष्णुपंत त्याच वेळी तिथे हजर! दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारतात, "काय हो दिनानाथराव, वहिनींना हमाल कशाला? तुम्ही होतात ना?" हेडक्लार्क माणूस, फायली सोडून सगळं वाचतो.

आता एक सांगतो, ते शांतपणे वाच. जाताना तू म्हणालीस, मी तुझी गाडी मोडली. अगं, मोडली कुठे? मोडलेली होती ती चालू केली! दिवाळीनंतर ती आपली आपणच बिघडली. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. तू अप्पांच्या आजारपणासाठी मिरजेला गेलीस तेव्हा ती दारात धोंड होऊन बसली होती. ऑटोमॅटिक म्हणजे कौतुक, पण चालतंय तोवर. त्या अमेरिकन डब्याच्या पोटात काय काय भरलंय ते इकडे कुणाच्या बापाला माहीत? शेवटी निर्वासितांच्या कॅम्पातला हशमतराय मिस्त्री गाठला. सिंधी आहे, मिलिटरीच्या जुन्या बराकीत त्याचं गॅरेज आहे. त्यानं लिलावातल्या मिलिटरी ट्रकचा साधा गिअरबॉक्स आणला, ऑटोमॅटिकचा डबा काढून त्या जागी तो बसवला, क्लच घातला, क्लचचं पेडल लावलं आणि गाडी सुरू! अर्धा कॅम्प बघायला लोटला होता. लोक म्हणाले, साहेब, कमाल केलीत.

तू आलीस की तुला चकित करायचं असं मनात होतं. तू दार उघडलंस, खाली दोनाच्या जागी तीन पेडलं पाहिलीस आणि दार लावून घेतलंस. मी आपला बावळटासारखा कौतुकाची वाट बघत उभा.

हां, तुझं म्हणणं कळतं मला. लहानपणीच्या तापात डावा पाय गेलेला, क्लच दाबणार कशानं? पण त्याला ड्रायव्हर असतो ना! मी शोधतोय. तो तुला रोज कुळगावच्या शाळेत सोडील, संध्याकाळी आणील. मागच्या सीटवर राणीसारखी बस. अप्पांच्या संस्थानात राणीसाहेबांनी कधी स्वतः चाक धरलं होतं का?

तुझ्या हेडमिस्ट्रेस सुनंदाबाईंचा निरोप आला होता, गणिताचा वर्ग अडलाय म्हणून. सांगितलं, आठ दिवसांत येईल. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.

दिनानाथ


अंबरनाथ, ९ जानेवारी १९५५

सौ. कुंदा हिस,

संक्रांतीचे तिळगूळ वेगळ्या पार्सलानं पाठवलेत. गोजरबाईंनी केलेत, त्यामुळे खायला हरकत नाही. मी फक्त सुतळी बांधली.

तुझं कार्ड मिळालं. महिनाभर वाट पाहून आली ती एक ओळ: "मला ड्रायव्हर नको होता, मला गाडी होती." बाकी सगळं कार्ड कोरं. कोऱ्या जागेत काय काय लिहिलंय ते मी चार दिवस वाचत होतो, आणि मग मला राग आला. म्हटलं, असा काय मोठा गुन्हा केलाय? दारू पिऊन गाडी दरीत घातली की काय? ड्रायव्हर पाहिलेला होता, मिलिटरीतून सुटलेला, सभ्य माणूस. त्याला नको म्हणून सांगितलं.

मग अप्पांचं पत्र आलं. त्यांची भाषा तुला माहीत आहे. दिवाणगिरी गेली तरी दिवाणाची लेखणी गेली नाही. "आम्ही गाडीच्या कंपनीच्या मुंबईतील एजंटकडे चौकशी केली असता भाग तीन महिन्यांत मागवून देऊ असे त्यांचे म्हणणे पडले. आपणांस त्यांनी काय उत्तर दिले होते ते कळावे."

कुंदा, मी तुला सांगितलं होतं की एजंट नाही म्हणाला. तो नाही म्हणाला नाही. मी त्याच्याकडे गेलोच नव्हतो. निघालो होतो एका शनिवारी, हे खरं आहे. दादरला उतरलो. तिथून फोर्टात जायचं तर मावशीकडे जेवलो आणि परत आलो. का, ते विचारू नकोस. ऊन होतं.

अप्पांना यातलं काय कळवायचं ते तू ठरव. मी त्यांना लिहिलंय की प्रकृतीला जपा.

काल शाळेत जाऊन आलो. तुझी गाडी लांबून दिसली तशा पोरी "बाई आल्या, बाई आल्या" करत फाटकाशी धावल्या. मी उतरलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर पाहिलं आणि गुपचूप परत वर्गात गेल्या. सुनंदाबाई म्हणाल्या की सातवीच्या फायनल परीक्षेला बसणाऱ्या चौघींचं गणित तसंच पडलंय. दुसरी बाई मिळत नाही. कुळगावात यायला तयार कोण आहे? तुझी ती चिमी, धर्मराज पाटलांची, तिच्या वडिलांची आता कुरकुर चाललीय की शिकवायला कुणी नाही तर पोरीला धाडायची कशाला. मी त्यांना म्हटलं, बाई येतीलच. "कशा येतील?" असं सुनंदाबाईंनी विचारलं. साधाच प्रश्न होता. मी घड्याळ बघितलं आणि निघालो.

तू आगगाडीनं ये-जा कर असं मी लिहिणार होतो. मग तो जिना आठवला.

दिनानाथ


अंबरनाथ, ६ फेब्रुवारी

कुंदा,

आज आशीर्वाद नाही. पुढचं वाचल्यावर तुला पाहिजे तर तूच मला काहीतरी दे.

गोजरबाई गेल्या आठवड्यात भाकरी थापता थापता मला बोलल्या. तुला ठाऊक आहे, त्या माझ्याशी मीठ-मिरचीपलीकडे बोलत नाहीत. मी सहज म्हणालो की बाईंना एवढा राग बरा नव्हे. तर परातीतून डोकं वर न काढता म्हणतात, "सायब, बाईंचा पाय देवानं नेला. गाडी तुमी नेलीत." आणि पुढची भाकरी घेतली. मी जेवलो नाही, असं काही नाटक केलं नाही. जेवलो.

त्यानंतरच्या रविवारी कॅम्पात गेलो. हशमतराय बशीत ओतून चहा पीत होता. म्हटलं, आमचा जुना डबा परत बसवून दे.

"कौनसा डब्बा, साईं? वो तो आप बोले, ले जाओ ये कचरा."

बोललो होतो. अगदी याच शब्दांत. डब्याचं बाहेरचं बिडाचं कवच भट्टीत वितळवलं, म्हणाला. आतली दातेरी चाकं तेवढी चांगली निघाली, ती शहाड स्टेशनाबाहेर एका गाववाल्याच्या उसाच्या चरकाला लावलीत. मला विश्वास बसेना म्हणून तो मला तिथे घेऊन गेला. कुंदा, तो चरक काय फिरतो! हाताला जोर म्हणून लागत नाही. रसवाल्यानं हशमतरायचा पाहुणा म्हणून मला आग्रहानं मोठा ग्लास दिला. तुझी गाडी तिथे ऊस पिळत होती आणि मी ग्लास हातात धरून उभा. शेवटी ग्लास तसाच ठेवला. तो बिचारा विचारत राहिला, नींबू कम है क्या साहब?

परत येताना हशमतरायनं विचारलं, एवढी चांगली चालणारी गाडी पुन्हा उलटी कशाला करता? तेव्हा सांगितलं की गाडी बायकोची आहे, तीच चालवते आणि तिचा डावा पाय लुळा आहे. तो रस्त्यातच थांबला.

"साईं, मैंने पूछा था। गाड़ी चलाता कौन है, पेडल किसके नाप का बिठाऊँ। आप बोले, मैं।"

"बोललो होतो."

"मेरे को मालूम होता तो मैं हाथ नहीं लगाता। मैं आपको बोलता, तीन महीना रुको।"

म्हणूनच मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं तेव्हा खरं तोंडाशी आलं होतं. मी गिळलं. गाडी माझी आहे, मीच चालवतो असं कुणाला तरी एकदा सांगून बघायचं होतं मला.

आता सगळंच सांगतो. गाडी आपली आपण बिघडली नाही. खंडेनवमीला आम्ही कारखान्यातली यंत्रं धुतली, पुसली, ताजं तेल घातलं, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नेहमीसारखं. त्याच तोऱ्यात घरी आलो. गाडीचंही तेल बदलू म्हटलं. तू बजावलेलं होतंस की त्या डब्यात मुंबईहून येणारं पातळ तेलच चालतं, आणि ते तेल संपलं होतं. मी लेथचं जाड तेल आणलं होतं बाटलीतून. म्हटलं, वीस वर्षं यंत्रांत काढली, मला तेल शिकवते! तू वर बॉनेटला कुंकू लावत होतीस, तेव्हा मी खाली वाकून ते ओतत होतो. तू म्हणालीससुद्धा, "अहो, आज गाडीची फारच सेवा चाललीय." दिवाळीपर्यंत कशीबशी चालली बिचारी.

का केलं असं विचारशील. मुद्दाम केलं नाही. तेल तरी मुद्दाम नाही. पण बिघडल्यावर आतल्या आत मला बरं वाटलं, हे आज लिहितो. मॅनेजरसाहेबांच्या बागेतली ती पहिली पार्टी आठवते? संस्थान खालसा झालं, महाराजांनी गाडी अप्पांना दिली, अप्पांनी लग्नात तुला दिली, तेव्हा मलाही केवढं अप्रूप होतं. दोन पेडलांची गाडी, उजव्या पायावर चालणारी, जणू तुझ्यासाठीच बनवलेली. आणि त्या पार्टीला तू रुबाबात गाडी आत आणलीस, मी बाजूच्या दारानं उतरलो, आणि विष्णुपंत सगळ्यांसमोर म्हणाले, "दिनानाथराव, परत जाताना तरी तुम्हाला चाक मिळणार का?" सगळे हसले. तू पण हसलीस. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून मी शेजारी बसून "हळू", "हॉर्न दे", "बैल बघ, बैल" सुरू केलं. बैल तुला माझ्याआधी दिसलेला असायचा.

एजंटकडे का गेलो नाही, तेही तुला आता कळलंच. दादरला ऊन नव्हतं.

एजंटाला काल स्वतः जाऊन भेटलो. सुटे भाग मिळाले असते, म्हणतो. अख्खा नवा डबा मिळणार नाही, आयातीवर बंदी आलीय.

दिनानाथ


अंबरनाथ, १३ मार्च १९५५

कुंदा,

तुझं पत्र नाही. मागच्या पत्रावर काय उत्तर देणार तू, मलाही सुचलं नसतं. तरी रोज पोस्टमन येईपर्यंत मी चहा घेत नाही, ही नवी खोड लागलीय.

जुनं परत बसत नाही तर नव्यालाच वळवायचं, असं मी आणि हशमतरायनं ठरवलंय. दर रविवारी बराकीत असतो. पहिल्यांदा त्यानं क्लचला एक उभा दांडा जोडला. हातानं ओढला की क्लच दबतो. झकास! मी म्हटलं, झालं काम. मग बसून बघितलं. उजव्या हातात चाक, डाव्या हातात क्लचचा दांडा, आणि गिअर टाकायला? हशमतराय डोकं खाजवून म्हणाला, "साईं, तीसरा हाथ भगवान ने दिया नहीं।"

तरी मी हट्टानं म्हटलं, जमेल. गोजरबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा मागून घेतला आणि माझा डावा पाय सीटच्या खांबाला गच्च बांधला, म्हणजे सवयीनं पेडलावर जायला नको. गोजरबाईंनी स्वतः गाठ मारली. सुटणारी नव्हती. तसा बदलापूरच्या रस्त्याला लागलो. हशमतराय शेजारी बसला होता आणि, तुला हसू येईल, "हळू हळू, बैल, बैल" तोच ओरडत होता. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो पुढे गप्पच बसला. कुळगावच्या अलीकडे उतारावर गिअर बदलायला चाक सोडलं, आणि गाडी सरळ रस्ता सोडून शेतात. काही लागलं नाही. बांधावर पोट टेकून उभी राहिली.

माणसं जमली. मला उतरता येईना, पाय बांधलेला. "सायबांना काय झालं? पायाला लागलं का?" कुणी पाणी आणलं, कुणी काखेत हात घालून उचलायला लागलं. मी सांगतोय की काही झालेलं नाही, मला सोडा, पण ऐकतंय कोण? एक म्हातारी मला बघून डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अरे रे, तरुण माणूस." मला इतका संताप आला, कुंदा! म्हटलं, मला उचलू नका, माझा मी उतरतो. ओरडलोच. आणि ओरडता ओरडता मला आठवलं की हे वाक्य तू लग्नाच्या मांडवात म्हणाली होतीस, माझ्या काकांना. तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं.

सोमवारी ऑफिसात विष्णुपंतांनी साभिनय करून दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो. मनाला फार काही लागलं नाही, खरंच सांगतो. हे मला चार वर्षांपूर्वी जमलं असतं तर!

मला एक कल्पना सुचलीय. मिलिटरी ट्रकच्या ब्रेकला एक गोल डबा असतो. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं तो ब्रेकला जोर देतो. तीच ओढ क्लचला का देऊ नये? गिअरच्या दांड्याच्या मुठीवर एक कळ बसवायची, अंगठ्यानं दाबली की क्लच दबेल. हात तोच, काम दोन. हशमतराय म्हणतो, नहीं होगा. मी म्हणतो, होगा. भांडण चालू आहे.

तुझ्या मुलींना सध्या मी रविवारी संध्याकाळी गणित शिकवतो. वाईट शिकवतो, असं त्यांचं मत आहे. "बाई असं नाही सांगत," हे वाक्य तासाला दहादा ऐकतो. चिमी मात्र येत नाही.

दिनानाथ


अंबरनाथ, २४ एप्रिल

कुंदा,

झालं! हशमतराय हरला आणि मला मिठी मारून गेला, शर्टाला सगळं ग्रीस.

अंगठा दाबला की क्लच जातो. सोडताना मात्र एकदम सुटायचा आणि गाडी बुजलेल्या खोंडासारखी उडी मारायची. हवा हळूहळू सुटली पाहिजे हे कळत होतं, जमत नव्हतं. शेवटी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावला, त्यानं काम केलं. पाय बांधून अंबरनाथ ते कुळगाव तीनदा गेलो-आलो. वालधुनीच्या पुलावर चढावात थांबवली, पुन्हा उचलली. मागे सरकली नाही. तिसरं पेडल काढून टाकलंय. खाली पुन्हा दोनच आहेत.

आता दुसरी बातमी. ती आधी लिहायची हिंमत नव्हती म्हणून वर गाडीचं भरून ठेवलं. चिमीचं लग्न झालं. कर्जतच्या बाजूला दिलीय. धर्मराज पाटलांच्या घरी मी दोनदा जाऊन आलो, सुनंदाबाईंनाही नेलं. पाटील वाईट माणूस नाही. त्यांनी गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "साहेब, बाई यायच्या तवा मी पोरीला अडवली का? बाई आपली आपण गाडी हाकीत यायच्या, ते बघून मलाबी वाटायचं की शिकंल पोर. बाई यायच्या बंद झाल्या, घरच्यांनी जोर केला." माझ्यावर त्यांचा राग नाही, कारण बाई का येत नाहीत ते त्यांना माहीत नाही. सुनंदाबाईंना माहीत होतं.

बाकी तिघी परीक्षेला बसल्या. एकीचं बरं गेलंय म्हणते.

गाडी पुन्हा करता आली. हे कसं करू? कुंदा, मला फार वाईट वाटतंय. एवढंच लिहिता येतंय.

तू ये. गाडी बघायला ये. माझ्याशी बोलू नकोस पाहिजे तर. मी स्टेशनावर येऊ का नको ते कळव. म्हणजे येणारच, पण लांब उभा राहीन.

तुझा
दिनानाथ


अंबरनाथ, २२ मे १९५५

प्रिय कुंदा,

हे पत्र कुळगावच्या पत्त्यावर लिहिताना विचित्र वाटतंय. पुढचंच स्टेशन. हाक मारली तर पोचेल इतकं जवळ, आणि मी तिकीट चिकटवतोय.

परवा तू आलीस, मला नमस्कार केलास, गोजरबाईंच्या गळ्यात पडलीस आणि चहासुद्धा न घेता म्हणालीस, "किल्ली द्या." मी कळ कशी दाबायची ते सांगायला लागलो तर हात वर करून थांबवलंस. कारखान्यामागच्या मैदानात पहिल्यांदा तीन-चार हिसके बसले, इंजिन दोनदा बंद पडलं. कुंपणाच्या तारेला धरून मी बघत होतो. तोंडातून एक शब्द काढला नाही, गोजरबाई साक्षीला आहेत. मग तुला अंगठ्याची लय सापडली. तू पहिल्यातून दुसऱ्यात कधी गेलीस ते मला कळलं नाही. माझा महिनाभर तिथे खडखडाट व्हायचा.

तू अर्ध्या तासानं परत आलीस ती हसत. काच खाली केलीस. मला वाटलं, भांडण संपलं. मी, तुला सांगतो, धावतच आत जाऊन स्वयंपाकघरात सांगितलं की श्रीखंड काढा.

आणि तू आत येऊन पुस्तकं बांधायला लागलीस. सुनंदाबाईंच्या घरी माडीखालची खोली रिकामी आहे, म्हणालीस. गाडी असल्यावर वांगणीच्या बाजूच्या मुलीही आणता येतील, त्यांना कुणाच्या मर्जीवर राहायला नको. सगळं ठरवून आली होतीस. मी विचारलं, "आणि मी?" तू म्हणालीस, "तुम्ही फार कष्ट घेतलेत, मी विसरणार नाही. पण आधीचंही विसरता येत नाही मला. चिमीकडे जाऊन आले काल." मी तुझी ट्रंक उचलून मागे ठेवली. सवयीनं बाजूचं दार उघडलं. तू म्हणालीस, "नको." तेवढंच. रागानं नाही, अगदी मऊ म्हणालीस.

दोन महिने त्या कळीपायी राबलो, तर दर वेळी माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र असायचं: तू गाडी घेऊन फाटकातून आत येतेस. ज्या गाडीनं येता येतं तिनंच जाताही येतं, हे वीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. आणि आलं असतं तर मी ती कळ बसवली असती का? बसवली असती, असं मला म्हणायचंय. पण तुला आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो: माहीत नाही.

विष्णुपंत संध्याकाळी येऊन गेले. वहिनी कुठे गेल्या विचारत होते. म्हटलं, शाळेवर. त्यांनी पुढे विचारलं नाही. माणूस वाटतो तितका वाईट नाही. गोजरबाईंनी श्रीखंड त्यांना वाढलं.

व्हॉल्व्ह महिन्याला साफ करायला हवा, कॅम्पात हशमतरायला दाखव. तो तुझ्याकडून काही घेणार नाही म्हणतो. वाटेत मला भेटायला थांबायची जरूर नाही, गॅरेज अंबरनाथच्या पुढे आहे. मी रविवारी तिथे जाणं सोडलंय.

एक राहिलं. चार वर्षं मी तुझ्या शेजारी बसलो आणि तुला बैल दाखवत राहिलो. हे कधी म्हटलं नाही. आता म्हणायला शेजारची जागा उरली नाही, म्हणून लिहून पाठवतो.

तू गाडी फार छान चालवतेस, कुंदा.

दिनानाथ